व्हरांड्यातलं लाल कार्ड

आमच्या घरमालकांना कुठल्याही यंत्रात हात घालायचा असला की आधी बायकोची सही लागत असे. मग तो मिक्सर असो, पंखा असो, नाहीतर मागच्या व्हरांड्यातली ती अमेरिकन शेगडी असो. त्यासाठी एक दोनशे पानी शाळकरी वही होती. पट्टीनं रेघा मारून त्यांनी तिच्यात रकाने पाडले होते. काम कोणतं, वीज बंद केली का, आत गेलेली माणसं किती, हत्यारं किती. बाहेर आलेली माणसं किती, हत्यारं किती. वही घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि कणीक मळणाऱ्या काकू त्याच हातानं सही करायच्या. त्या वहीच्या जवळजवळ प्रत्येक पानावर वाळलेल्या कणकेचा ठिपका आहे.

"जनमभर प्लांटमंदी इंजिनेरच्या सह्या घेतल्या यानं," काकू मला म्हणाल्या होत्या. "रिटायर झाल्यावर घरी सायेब कुठून आनते? मंग मले केलं सायेब."

मी मूळची साताऱ्याकडची. नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका विमा कचेरीत बदली झाली आणि या दोघांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी भाडेकरू म्हणून राहायला आले. पहिल्याच दिवशी काकांनी मला "ए पोट्टी, बादली उचल ते" अशी हाक मारली. मी बत्तीस वर्षांची, स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई. दोन दिवस धुसफुसत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याच्या आपल्या मुलीला फोनवर त्याच शब्दानं हाक मारलेली ऐकली, आणि माझा राग कुठे गेला ते मला कळलंच नाही.

काकांची सगळी नोकरी एका कोळशाच्या वीज केंद्रात, बॉयलरच्या देखभालीत गेली होती. हेल्पर म्हणून लागले आणि फोरमन म्हणून बाहेर पडले. त्यामुळे त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, चालू असलेल्या आणि ओव्हरहॉलला काढलेल्या. मी एकदा तापानं दोन दिवस झोपून होते, तेव्हा ते दारातून विचारून गेले, "शटडाउन किती दिवसाचा हाय?"

शेगडी आली ती जावयामुळे. जावई काही वर्षं अमेरिकेत होता. परत येताना घरच्या सामानाबरोबर त्यानं हे धूड आणलं. पुण्यातल्या त्याच्या सोसायटीत धूर चालेना, म्हणून ते नागपूरला सासऱ्याकडे आलं. दिसायला आडव्या पिंपासारखं, वर झाकण, एका बाजूला धुराडं, दुसऱ्या बाजूला पेटी. त्या पेटीत लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या टाकायच्या. विजेवर फिरणारं एक मळसूत्र त्या कांड्या हळूहळू पुढे ढकलतं, तळाशी छोट्या भांड्यात त्या पेटतात, पंखा वारा देतो, आणि काटा सांगेल तेवढीच आच राहते. जावयानं मोठ्या हौसेनं सांगितलं की तिकडे यावर दहा-दहा तास मांस भाजतात. काकूंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो विषय तिथंच संपला आणि शेगडीवर रोडगे, भरताची वांगी आणि मक्याची कणसं भाजली जाऊ लागली. कणकेचे जाड गोळे विदर्भात गोवऱ्यांवर भाजतात, तेच रोडगे. ते तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर खाल्ले की मला सातारा आठवेनासा व्हायचा.

पण काकांना खाण्यापेक्षा साफसफाईतच रस होता. शेगडी पाहताच ते म्हणाले होते, "हे तं माह्यं बॉयलरच हाय. नुस्तं लहान झालं." अमेरिकेतली वीज आपल्या निम्म्या दाबाची असते हे कळल्यावर त्यांना त्या देशाची कीव आली. त्यांनी एक ट्रान्सफॉर्मर आणून बसवला, आणि दर पाच वेळा रोडगे झाले की छोटी सफाई आणि उन्हाळा लागला की मोठी, असा नियम ठरवला.

मोठी सफाई पाहण्यासारखी असायची. अंगावर जुना खाकी शर्ट, डोक्याला दुपट्टा. जाळ्या निघायच्या, तुपाच्या ओघळांचा पत्रा निघायचा, त्याच्या खालचा आच अडवणारा पत्रा निघायचा. सगळं वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलं जायचं, ज्या क्रमानं निघालं त्या क्रमानं. मग तळातल्या भांड्यातली राख. ती ते आधी चिमटीत धरून बघत. "राख सांगते जळन कसं झालं ते. पांढरी हाय तं मन लावून जळलं. काळी हाय तं अर्ध्यात सोडलं." माझ्याकडे बॅटरी धरण्याचं काम. वहीत 'आत गेलेली माणसं' या रकान्यात ते 'दोन' लिहीत. मी म्हणायचे, मी कुठे आत आहे, मी तर नुसता उजेड धरलाय. तर म्हणायचे, "उजेड आत हाय ना? मंग तूबी आत."

पाण्याचा थेंब आत जाऊ द्यायचे नाहीत. भुसा फुगतो आणि मळसूत्रात सिमेंटसारखा बसतो. सगळं कोरडं खरवडायचं. खरवडायला सराटा, म्हणजे आपलं उलथनं. तो आणायला आम्ही इतवारीच्या बाजारात गेलो होतो. भांड्यांच्या एका दुकानात काकांनी बावीस सराटे हाताळले. प्रत्येकाची धार अंगठ्यावर, मग पातं वाकवून कानाशी. दुकानदार शेवटी म्हणाला, "काका, पोहे कराचे हाय का ऑपरेशन?" काका शांतपणे म्हणाले, "ऑपरेशनच हाय." सराटा घेतला. घरी येऊन त्याची धार मुद्दाम बोथट केली, कारण पत्र्याला ओरखडा गेला तर गंज तिथूनच सुरू होतो. मग बावीस कशाला पाहिले, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि जाळ्यांना जवसाचं तेल चोळायला बसले.

सगळ्यात त्यांचं लक्ष धुराड्यावर. "चुलीले पोट राह्यते तसा घसाबी राह्यते. लोक पोट धुते, घशाकडे कोनी पाह्यतच नाही." आत तापमान मोजणारी एक बारीक कांडी असते. तिच्यावर काजळी धरली की काटा खोटं सांगतो. ती कांडी पुसताना ते श्वास रोखून धरत.

आता एवढा जाणकार माणूस, पण एकदा त्यांनी अशी चूक केली की काकू ती कधीच विसरल्या नाहीत. मौद्याच्या रस्त्यावर त्यांचा एक जुना हाताखालचा माणूस कांड्या बनवायच्या कारखान्यात होता. पण त्या कांड्या वीज केंद्रातल्या, सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसकट, आणि कपाशीच्या पऱ्हाट्या दाबून केलेल्या, कोळशात मिसळून जाळायच्या. काकांना बॉयलर म्हणजे बॉयलर. एक पोतं घेऊन आले आणि पेटीत ओतलं. शेजारच्या चार घरांना जेवायला बोलावलं होतं. धूर असा उठला की गल्लीतला कुत्रा उठून दुसऱ्या गल्लीत गेला. रोडग्यांना जळक्या कडब्याचा वास. पाहुणे भिडेखातर खात होते. काकू म्हणाल्या, "गोठ्यात जेवून राह्यलो असं वाटते." राख एवढी झाली की मळसूत्र अडकलं आणि पुढचे तीन दिवस काका त्याच्याशी झटत होते. मला तर वाटतं त्या तीन दिवसांसाठीच त्यांनी ते पोतं आणलं असावं, इतके ते खुशीत होते. नंतर आंब्याच्या भुशाच्या कांड्या मिळाल्या आणि वास गोड झाला.

आणि ते कार्ड. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून केलेलं, लाल रंगवलेलं, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'माणसं काम करत आहेत. चालू करू नये.' खाली त्यांचं नाव. सफाई सुरू करण्याआधी ते व्हरांड्यातल्या बटणांवर लटकायचं. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं, हा नियम. तो घरी गेला असेल तर घरून बोलवायचा, पण दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. प्लांटमधला एक फिटर कार्ड तसंच विसरून भावाच्या लग्नाला गेला होता. काकांनी मांडवात जीप पाठवली. फिटर फेट्यासकट आला, कार्ड काढलं आणि परत गेला. पंगत उठून गेली होती म्हणे, म्हणून काकांनी जीपमध्येच त्याला आपला डबा दिला. ही गोष्ट ते मोठ्या अभिमानानं सांगत आणि मी मोठ्यानं हसत असे. खुळाच माणूस आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

मग मी विजेवरची स्कूटर घेतली. ती चार्ज करायची जागा व्हरांड्यातच, त्याच बटणांपाशी. एका शनिवारी सकाळी मला घाई होती. काका सफाई अर्धी टाकून आत चहा पीत होते. शेगडी उघडी, आसपास कुणी नाही. मी कार्ड काढलं, खिडकीत ठेवलं, चार्जर लावला आणि बटण दाबलं. शेगडीची वायर त्याच बटणावर होती. आतला पंखा घुर्र करून फिरायला लागला.

काका धावत आले. मी त्यांना धावताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी बटण बंद केलं आणि माझे दोन्ही हात धरले. उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले, बोटं मोजावीत तसे. मग पायरीवर बसले. त्यांचा रंग राखेसारखा झाला होता.

मी चिडून म्हणाले, "काका, आत कुणीच नव्हतं. मी बघितलं ना."

"मीबी हेच म्हनलो होतो," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. लग्न नुकतंच झालेलं, नोकरी नवी. कोळसा पुढे ढकलणाऱ्या यंत्रावर एकाचं कार्ड लटकत होतं. शिफ्ट बदलली होती, समोर कुणी दिसेना. तो विसरून घरी गेला असेल, असं यांना वाटलं. यांनी कार्ड काढलं आणि चालू करायला सांगितलं. तो पलीकडच्या अंगाला वाकून आत हात घालून बसला होता. डावा पंजा गेला.

"मंग?" मी विचारलं. बोलताना मलाही तिकडचं मंग आलं.

"मंग काय. दिवाळीले येते तो. दर साली. उजव्या हातानं लाडू देते मले. एक सबद नाही बोल्ला आजलोक. रागावला असता तं बरं झालं असतं वं."

मी त्या दिवशी कामावर गेले नाही. पायरीवर त्यांच्याजवळ बसून राहिले. मला लाज वाटली होती, आणि त्या लग्नाच्या गोष्टीवर आपण किती वेळा हसलो हे आठवून आणखी वाटली.

त्या दिवसापासून नुसत्या कार्डावर त्यांचा भरवसा राहिला नाही. व्हरांड्यातल्या सगळ्या लाइनीचा फ्यूजच ते काढून घ्यायचे आणि सफाई संपेपर्यंत शर्टाच्या खिशात ठेवायचे. हे माझ्यामुळे झालं, म्हणून ते इथं सांगून ठेवते.

एप्रिलमध्ये मोठी सफाई काढली आणि तिसऱ्या तासाला काकांना श्वास लागला. धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं. शेगडी उघडीच राहिली, तिचे भाग वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेले, वर काकूंनी जुनी चादर टाकली. कार्ड बटणांवर. फ्यूज काकांच्या खिशात. दवाखान्यात शर्ट बदलला तेव्हा त्यांनी तो मागून घेतला आणि उशीखाली ठेवला.

काकूंच्या खोलीचा कूलर व्हरांड्याच्या खिडकीत होता. त्याच लाइनीवर.

नागपूरच्या एप्रिलात कूलरशिवाय झोपणं म्हणजे काय ते मी सांगत बसत नाही. पुण्याहून आलेली मुलगी म्हणाली, वायरमन बोलावते, पाच मिनिटांचं काम. काकू म्हणाल्या, "कार्ड त्याईनं लावलं." मी म्हटलं, आतल्या खोलीतून वायर ओढून देते. काकू म्हणाल्या, "सही माही हाय त्या पानावर. समोरून बंद म्हनून सांगतलं अन् मागून वीज आनली तं सहीले अर्थ काय?" वरती माझ्या खोलीत झोपा म्हटलं, तर गुडघे चढत नाहीत म्हणाल्या. आणि आम्हा दोघींना ताकीद दिली, यांना यातलं काही सांगायचं नाही.

प्लांटच्या नियमात एक सोय होती. शिफ्ट संपली तर देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं दोघांनी वहीत सही करायची, मग घेणारा कार्ड काढू शकतो. मी रोज संध्याकाळी दवाखान्यात जायचे आणि कूलरचं नाव न काढता म्हणायचे, काका, मला चार्ज देऊन टाका, मी सफाई पुरी करते. ते रोज म्हणायचे, "परवा सोडून राह्यले मले. मीच येतो, मीच काढतो." मी हट्टाला पेटले होते. दहा दिवस मी वही पिशवीत घालून त्यांच्या मागे ती सही मागत होते.

अकराव्या दिवशी काकू त्यांना पेज भरवत होत्या. काका त्यांच्या मानेकडे बघत राहिले. घामोळ्यानं मान लालभडक झाली होती.

"मान काहून अशी झाली तुही?"

"गर्मी हाय. सगळ्याईलेच हाय."

त्यांनी डोळे मिटले. डोक्यात ती लाइन कुठून कुठे जाते ते बघत असावेत. मग उशीखाली हात घातला.

"पोट्टी, वही आन."

आणि आता, इतके दिवस मागितलेली ती सही समोर आल्यावर, मला ती नको झाली. मी म्हणाले, "राहू द्या ना काका. परवा सोडणार आहेत ना? तुम्हीच काढा." मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही.

"नाही वं," ते म्हणाले. दोन शब्दांमध्ये त्यांना थांबावं लागत होतं. "कार्ड लटकून हाय अन् माणूस कामावर नाही, म्हनजे कार्ड खोटं झालं. मंग लोक खऱ्या कार्डाचंबी आयकत नाही."

त्यांनी सही केली. मी केली. काकूंनी पेजेचा वाडगा खाली ठेवून साहेबाची केली. फ्यूज त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला, तो गरम होता. मग काम समजावलं. राख निघाली आहे, तापमानाची कांडी पुसायची राहिली, घसा राहिला, जाळ्यांना तेल राहिलं. "घाई करू नको. अन् मोज."

त्यानंतर चार दिवसांनी ते गेले. त्या संध्याकाळी मला ते माहीत नव्हतं. त्यांना असावं.

मुलीला त्यांच्याजवळ बसवून मी काकूंबरोबर घरी आले आणि चादर काढली. कांडी पुसली, श्वास रोखून. धुराड्यात ब्रश घातला तेव्हा काजळी तोंडावर आली. बॅटरी धरायला काकू उभ्या राहिल्या, पदरानं घाम पुसत. जाळ्यांना जवसाचं तेल लावलं, ज्या क्रमानं निघालं त्याच्या उलट क्रमानं सगळं बसवलं. हत्यारं मोजली. सात आत, सात बाहेर. मग वही उघडली आणि पुढच्या रकान्यापाशी अडले. आत गेलेली माणसं, त्यांच्या अक्षरात, दोन. बाहेर आलेली, रिकामं. आकडे जुळल्याशिवाय फ्यूज लावायचा नाही.

मी दवाखान्यात मुलीला फोन लावला आणि तिनं तो त्यांच्या कानाशी धरला.

"काका, बाहेर आलेली माणसं किती लिहू?"



"दोन लिव्ह," ते म्हणाले. "मी आलो बाहेर."

मी लिहिलं. काकूंनी खाली सही केली. मी लाल कार्ड काढलं, फ्यूज बसवला, बटण दाबलं. कूलर खरखरला आणि सुरू झाला. काकूंनी माझ्याकडचा चालूच असलेला फोन घेतला आणि कूलरसमोर धरला. त्यांच्या कपाळावरचे केस उडायला लागले.

पलीकडे काकांनी नीट ऐकून घेतलं असावं, कारण थोड्या वेळानं आवाज आला, "बेअरिंग वाजून राह्यली त्याची. तेल देजो." आणि मग, "पन पयले तिची सही घेजो."